तुझ्या नावापुढचे गुण

कौसल्या, तुझ्या तेरवीला तुझ्या लेकानं, नितीननं, माझं नाव पुकारलं आणि मी जागची उठले नाही. मांडवातले लोक वळून बघायला लागले. "शमीम मावशी, दोन शब्द," तो पुन्हा म्हणाला. माझ्या आधी एक निवृत्त मेट्रनबाई बोलून गेल्या होत्या. कौसल्याबाईंच्या हातून उभ्या नोकरीत एक चूक झाली नाही, असं त्या म्हणाल्या आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गुडघ्याचं निमित्त केलं, खुर्चीतूनच हात जोडले. लोकांना वाटलं, बाईला रडू आवरत नाही. रडू नव्हतं गं. उभी राहिले तर तोंडून काय बाहेर पडेल, याची भीती होती.

म्हणून तुलाच लिहिते आहे. यातलं बरंचसं तुला माहीत आहे. शेवटचं तेवढं माहीत नाही.

नर्सिंगच्या शाळेत आपल्या खाटा शेजारी-शेजारी होत्या. तू फुलंब्रीकडच्या खेड्यातून आलेली, बाप शेतकरी, घरात तुझ्याआधी कुणी सातवीच्या पुढं गेलेलं नाही. मी शहागंजातल्या कापडवाल्याची मुलगी. अब्बा निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले. पोलीस ॲक्शननंतर कचेऱ्यांची भाषा बदलली तेव्हा त्यांनी ठरवून टाकलं, आपली मुलगी मराठी शाळेत जाईल. माझं मराठी अक्षर असं वळणदार झालं की आपल्या ट्यूटरबाई गुणांचं रजिस्टर माझ्याकडूनच लिहून घ्यायच्या. त्या पेपर तपासायच्या, मी आकडे उतरवायचे, त्या न बघता सही करायच्या.

तुझे हात काय होते, कौसल्या! पहिल्याच वर्षी वॉर्डात एक म्हातारी होती, पाठीला जखमा, कुणाला हात लावू देत नव्हती. तू तिच्याशी तुमच्या गावच्या म्हशीबद्दल बोलत बसलीस आणि बोलता बोलता सगळी पाठ धुऊन काढलीस. ज्या पोरांची शीर डॉक्टरला सापडायची नाही, तिथं तू दोन बोटं फिरवायचीस आणि म्हणायचीस, "हितं हाय बघा." असायची.

पण औषधाचं गणित आलं की तुझा चेहरा पुसल्यासारखा व्हायचा. कुपीत इतकं औषध, डॉक्टरनं लिहिलंय तितकं, मग सिरिंजमध्ये किती ओढायचं? एवढंच. रोजचं. तू पेन्सिल धरून बसायचीस आणि तुला घाम फुटायचा. पहिल्या वेळी त्या विषयात नापास झालीस. दुसऱ्यांदा झाली असतीस तर शाळेतून नाव कमी होणार होतं.

आणि फाटकाबाहेर तुझे दाजी बसलेले असायचे.

तो माणूस मला अजून दिसतो. पांढरं स्वच्छ धोतर, पांढरा सदरा, हातात डबा. महिन्यातून एकदा यायचा, कडुनिंबाखाली बसायचा. कधी आवाज चढवला नाही, कधी वेडंवाकडं बोलला नाही. डबा द्यायचा आणि एकच विचारायचा, "निकाल कवा हाय?" तुझी थोरली बहीण मुक्ता त्याच्या घरात नांदत होती. एका सकाळी ती विहिरीत सापडली. पाय घसरला, असं गावानं ठरवलं. मागं दोन लेकरं होती. तुझ्या बापानं दाजींना शब्द दिला होता की कौसी शिकली तर शिकली, नाहीतर लेकरांची मावशीच त्यांची आई होईल.

"मुक्ताक्का पाण्याला भ्यायची," तू मला एकदा म्हणालीस. "विहिरीच्या काठाला बी जात नव्हती ती." एवढंच. पुन्हा तो विषय काढला नाहीस.

दुसऱ्या परीक्षेचे पेपर तपासून आले. ट्यूटरबाईंच्या खोलीत मी एकटी रजिस्टर लिहीत होते. पन्नासपैकी पंचवीस हवे होते. तुझ्या पेपरवर तेरा होते.

मी एकतीस लिहिले.

मुद्दामच एकतीस. पकडले गेले तर म्हणता आलं असतं की नजर फिरली, आकडे उलटे पडले. बघ, चोरी करायच्या आधीच सुटकेचं दार उघडून ठेवलं होतं मी. ट्यूटरबाईंनी सही केली. पेपरांचा गठ्ठा कपाटात गेला. त्या महिन्यात दाजी आले, फळ्यावरचा निकाल बघितला, डबा न देताच गेले. पुन्हा कधी आले नाहीत.

तू माझ्याकडं काही मागितलं नव्हतंस. फळ्यावर तुझ्या नावापुढचे गुण वाचून तू माझ्याकडं बघितलंस. खोलीत आल्यावर दार लावलंस.

"शमीम, हे तू केलंस."

"हो."

मला वाटलं, तू गळ्यात पडशील. तू खाटेवर बसलीस. वही-पेन्सिल काढलीस आणि म्हणालीस, "मग आता मला शिकव. खरंखुरं. एकतीसचं."

कौसल्या, माझा खरा गुन्हा रजिस्टरमधला नाही, तो इथं आहे. मी तुला तीन संध्याकाळी शिकवलं. दुधात पाणी घालायचं उदाहरण दिलं. तू अडलीस. चौथ्या दिवशी मला कंटाळा आला. मी पेन्सिल तुझ्या हातातून घेतली, उत्तर लिहिलं आणि म्हणाले, "कशाला डोकं फोडतेस? मी आहे ना."

तू पुन्हा म्हणालीस, "शिकव की गं." मी हसले.

आज कबूल करते, मला ते आवडत होतं. वॉर्डातली सगळ्यांत गुणी नर्स माझ्याशिवाय सुई टोचू शकत नाही, याची मला चटक लागली होती. तुला शिकवलं असतं तर मी तुझी नुसती मैत्रीण उरले असते.

आपण एकाच इस्पितळात लागलो. लहान मुलांच्या वॉर्डात मी तुझ्याबरोबर ड्यूट्या लावून घ्यायची. रोज सकाळी एक चिठ्ठी तुझ्या हातात द्यायची: या खाटेला इतकं, त्या खाटेला इतकं. तू ती कमरेला खोचायचीस. लोक म्हणायचे, काय जोडी आहे! मला मात्र रजेवर जायची धास्ती; जाताना पुढची चिठ्ठी आधीच लिहून द्यायची, तरी. अम्मीच्या आजारपणात आठ दिवस घरी होते, त्या आठही दिवसांत वॉर्डाचा जिना स्वप्नात यायचा. परत आले की आधी खाटा मोजायची. सगळ्या भरलेल्या दिसल्या की श्वास सुटायचा. अशी दहा-बारा वर्षं गेली. तुझं लग्न झालं, एसटीतला भला माणूस मिळाला, नितीन झाला. माझंही झालं. काही घडलं नाही. काही घडत नाही म्हटल्यावर माझा धीर वाढला आणि धीराबरोबर बेफिकिरीही.

मग ती ईद आली.

मी रजेवर होते, माहेरी. घर पाहुण्यांनी भरलेलं, चुलीवर शीरखुर्मा, खाली अब्बांच्या दुकानातला फोन वाजला. अब्बांनी जिन्यातून हाक मारली, "कौन बाई है गे, बहुत घबराई हुई है!" मी ओल्या हातांनी खाली धावले.

तू होतीस. "शमीम, पाच नंबरला पोरगी आलीय. छबू नाव हाय. चार वर्षांची. हृदयाचं हाय. डॉक्टरनं ते औषध लिहिलंय, पण चिठ्ठीत नव्हतं तू दिलेल्या. ते नेहमीचं नाय का, जपून द्यायचं."

मला औषध ठाऊक होतं. थोडं जास्त झालं तर काळीज थांबवणारं. तू डॉक्टरनं लिहिलेला आकडा वाचलास. मी भिंतीवर बोटानं हिशेब केला. "सव्वा मिली."

"पण ऐक की. खोकं नवीन आलंय. कुपीवर लाल पट्टी हाय. आधी निळी असायची ना गं?"

वरून कुणीतरी मला हाक मारत होतं. माझा मुलगा पायऱ्यांवर रडत होता. "कंपनी बदलली असेल," मी म्हणाले. "औषधाचं नाव तेच आहे ना?"

"नाव तेच हाय. पण आकडा बारीक हाय, येगळा वाटतुया. वाचून दाखवू का?"

"अगं, माझ्यावर भरोसा आहे ना? सव्वा दे. उशीर करू नकोस."

"नक्की?"

"नक्की."

मी फोन ठेवला. वर जाऊन वाट्या भरल्या. लोकांच्या गळाभेटी घेतल्या. त्या दुपारी मी खूप हसले होते, हे मला नंतर सगळ्यांत जास्त आठवलं.

दुसऱ्या दिवशी तुझ्यासाठी डबा घेऊन आले. जिना चढून आत आले आणि सवयीनं खाटा बघितल्या. पाच नंबरची खाट रिकामी होती, गादी उलटी करून ठेवलेली.

तू ड्रेसिंगच्या खोलीत स्टुलावर बसली होतीस. तळहातावर ती रिकामी कुपी. "वाच," म्हणालीस. मी वाचलं. लाल पट्टीची कुपी निळीपेक्षा पाचपट जहाल होती. सव्वा नाही, पाव मिली द्यायचं होतं.

डॉक्टरनं कागदावर आजार बळावला असं लिहिलं होतं. पोरगी आधीच फार आजारी होती, कुणाला संशय आला नाही. तिची आई गयाबाई, वाळूजला नव्यानं कारखाने उठत होते तिथं पाया खणायच्या कामावर. पोरगी उचलून ती गेलीसुद्धा होती. जाताना तुझ्या पाया पडली होती. लई केलं बाई तुमी, असं म्हणून.

"आपण सांगू," तू म्हणालीस.

"कुणाला?"

"डॉक्टरला. त्या बाईला."

मी दार लोटलं. जे बोलले ते सगळं आठवतं. म्हणाले, पोरगी परत येणार नाही. म्हणाले, चौकशी बसली की जुनी रजिस्टरं निघतील, शाळेचा पेपर निघेल. म्हणाले, नितीनला काय सांगशील, तुझी आई पास न होता नर्स झाली? तू ऐकत राहिलीस. मग म्हणालीस, "तू मला वाचवायलीस का सोताला?"

तू कुपी रुमालात बांधलीस. त्यानंतर कितीतरी वर्षं, कधी जिन्यात, कधी चहा पिताना, तू अचानक म्हणायचीस, "अजून सांगता येतंय, शमीम." मी दर वेळी म्हणायची, आता नको. नितीनची दहावी होऊ दे. माझ्या मुलीचं लग्न होऊ दे. आपली पेन्शन लागू दे. तुला वाटलं असतं तर तू एकटीनं जाऊन डॉक्टरला सांगितलं असतंस, पण चौकशीत माझं नाव आलं असतं. तू माझ्या होकाराची वाट बघत राहिलीस. मी तुझ्या विसरण्याची.

तू मुलांचा वॉर्ड सोडलास. ड्रेसिंगला बदली मागितलीस, बढती नाकारलीस. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, सुई नाही. लोकांना नवल वाटायचं. आणि नितीन चौथीत गेला तेव्हा तू त्याचं गणिताचं पुस्तक घेऊन त्याच्या शेजारी बसायला लागलीस. वर्षभरानं एकदा तू मला बोलावलंस, पाटी पुढं ठेवलीस. "घाल औषधाचं गणित." मी घातलं. तू सोडवलंस. दुसरं घातलं, अवघड. तेही सोडवलंस, माझ्या आधी.

"येतंय की मला," तू म्हणालीस. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "तू शिकवलंच नाहीस."

निवृत्तीनंतर हर्सूलला तुझ्या घरी यायची तेव्हा आपण तलावाकडं फिरायला जायचो. वाटेत जेलची लांबच लांब भिंत लागायची. तिथं आलं की तू बोलणं थांबवायचीस. मी भाजीचे, सुनांचे विषय काढायची. भिंत संपेपर्यंत मी एकटीच बडबडत असायची.

मी पुष्कळदा स्वतःला विचारलं, तो आकडा पुन्हा लिहायची वेळ आली तर लिहीन का? दाजी फाटकाशी बसलेले असताना तेराच लिहीन? नाही लिहिणार, कौसल्या. तुला त्या विहिरीकडं पाठवू शकत नाही मी, आजही नाही. आणि तरी त्या एकतीसपासून पाच नंबरच्या खाटेपर्यंत रस्ता सरळ जातो, हेही मला दिसतं. तुझ्या हातांनी बरी झालेली शेकडो माणसं एका बाजूला मांडून छबूचा विचार हलका करायचा, असं मी करून बघितलं. होत नाही. ती पोरगी कुठल्याच बेरजेत बसत नाही.

आता तुला माहीत नसलेलं सांगते.

तेरवीला मांडवाच्या कडेला एक म्हातारी बसली होती. जेवली नाही, कुणाशी बोलली नाही. नितीन म्हणाला, "मावशी, या गयाबाई. आई वर्षातून एकदा वाळूजला यांच्याकडं जायची. का जायची, कधी सांगितलं नाही." छबूची आई. म्हणजे तू सांगितलं होतंस. मला न सांगता.

चार दिवसांनी मी वाळूजला गेले. पत्र्याच्या खोलीच्या दारात गयाबाई लसूण सोलत बसल्या होत्या, एका खानावळीसाठी. पुढं पांढरा ढीग.

"मी शमीम. कौसल्याबरोबर होते नोकरीला."

"बघितलं व्हतं तुमाला मांडवात."

"मला छबूचं सांगायचंय."

त्यांची बोटं चालूच राहिली. "त्यांनी सांगितलंय. लई वर्सं झाली. माज्या हातानं झालं, म्हनल्या. म्या शिव्या दिल्या. मारलं बी. उभ्या राहिल्या तशाच. फुडल्या वर्सी परत आल्या. मग येतच राहिल्या."

"हिशेब तिचा नव्हता," मी म्हणाले. "माझा होता. तिनं मला विचारलं. दोनदा विचारलं. मी न बघता सांगितलं."

बोटं थांबली.

"येकदा म्या इचारलं व्हतं त्यांना, अजून कोन व्हतं का तुमच्यासंगं. गप बसल्या." त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. "किती द्याया पायजे व्हतं?"

"पाव."

"आन किती दिलं?"

"सव्वा."

रस्त्यावरून कारखान्यांच्या पाळीच्या बसगाड्या जायला लागल्या होत्या. गयाबाईंनी पदरातली सालं झटकली. "माजा लेक येईल आता. छबूचा धाकटा भाऊ. त्याला ह्यातलं काय ठावं नाय. कौसल्याबाईचं म्या त्याला कधी सांगितलं नाय, त्यांच्याकडं बघून. तुमचं सांगनार. न्हाय, तुमीच सांगा. बसा."

मी बसले. पळून जाता आलं असतं. अर्धा तास होता, रिक्षा समोरच उभी होती. दर मोटारसायकलीच्या आवाजाला मी रस्त्याकडं बघत होते. तू पहिल्यांदा इथं आलीस तेव्हा किती वेळ बसली असशील, कोणता शब्द आधी उच्चारला असशील, हे मी विचारायला हवं होतं. तू असताना.

तो आला. चाळिशीचा माणूस, कंपनीचा निळा शर्ट, हाताला ग्रीस. मी सगळं सांगितलं. तो दारातच उभा राहून ऐकत होता. संपल्यावर त्यानं आईकडं बघितलं, मग खोलीत गेला. डबा ठेवल्याचा आवाज आला, हात धुतल्याचा आला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात वही आणि पेन होतं.

"हेच लिहून द्या," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

मी लिहिलं. शाळेतल्या त्या परीक्षेपासून, दाजी, फोन, लाल पट्टी, सगळं. तुझं नाव लिहिताना हात थांबला, पण तुझ्याशिवाय ते खरं झालं नसतं. खाली सही केली. त्यानं पान फाडलं, एकदा वाचलं, घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवलं आणि बटण लावलं. त्याचं काय करणार, हे त्यानं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

दहा दिवस झाले. दारावर थाप पडली की सून म्हणते, अम्मी, तुम्ही का उठता, मी बघते. पण मीच उठते. आपण सांगू, असं तू म्हणाली होतीस. सांगितलं, कौसल्या. फक्त 'आपण' राहिलो नाही तेव्हा.